कडीकोयंडा आणि संगणक : काही रूढ मतांची पारख

(वरच्या प्राथमिक इयत्तांच्या शिक्षकांसाठी पाठटिपण)

घरफोडीची बातमी मराठी वर्तमानपत्रांत ज्या शब्दांनी छापली जाते, त्या शब्दांकडे शिक्षकबंधुभगिनींनी एकवार लक्ष द्यावे. ‘दाराचा कडीकोयंडा तोडून चोरट्यांनी घरात प्रवेश केला’ असे वाक्य त्या वृत्तात बहुधा असते. कुलपाचे नाव त्यात क्वचितच येते, कारण कुलूप पुष्कळदा शाबूतच राहिलेले असते. घरमालकाने बाजारात जाऊन चार कुलुपे हाताळून त्यांतील सर्वांत वजनदार ते विकत आणलेले असते. पण ज्या कोयंड्यात ते अडकवावयाचे तो पातळ पत्र्याचा आणि दोन आखूड स्क्रूंनी चौकटीस जडविलेला असतो. मालक कुलपाची पारख करतो, चोर कोयंड्याची करतो.

संगणकाविषयी आणि घराच्या राखणीविषयी लोकांत जी मते प्रचलित आहेत, त्यांतील बरीचशी ह्या मालकाच्या जातीची आहेत. ती सर्वस्वी खोटी नसतात. मात्र ती कुलपाविषयी असतात, कोयंड्याविषयी नसतात. मुले ही मते घरातून, दुकानदाराकडून व भ्रमणध्वनीवर पाहिलेल्या चित्रफितींतून उचलतात आणि वर्गात मोठ्या ठामपणे मांडतात. आपणही त्यांतील काही मते बाळगून असतो. प्रस्तुत टिपणाचा उद्देश एकेक मत खोडून काढण्याचा नाही. मताची पारख करण्याची एक साधी रीत मुलांच्या हाती द्यावी, एवढाच आहे. ती रीत अशी की, कोणतेही मत कानी आले असता प्रथम विचारावे : हे म्हणणे यंत्राच्या अंगाविषयी आहे, यंत्रास दिलेल्या आज्ञांविषयी आहे, की किल्ली कोणाच्या हाती आहे ह्याविषयी आहे?

यंत्र आणि आज्ञा

हा भेद शिकविताना आरंभ संगणकापासून करू नये, मागापासून करावा. फ्रान्समधील जॅकार्ड नावाच्या कारागिराने इ. स. १८०४ मध्ये अशा मागाचे एकस्व घेतले की, ज्यात विणावयाची नक्षी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर नोंदलेली असे. पुठ्ठ्यात छिद्र असेल तेथे सुई आत शिरते व ताण्याचा धागा उचलला जातो. छिद्र नसेल तेथे धागा खालीच राहतो. येवल्यास पैठणी विणणाऱ्या काही मागांवर ह्या पद्धतीचे साधन लावलेले असते. माग तोच, रेशीम तेच. पण पुठ्ठ्यांची माळ बदलली की मोराच्या ठिकाणी कमळ उमटते. माग म्हणजे हार्डवेअर आणि ती माळ म्हणजे सॉफ्टवेअर. सहावीच्या मुलास ह्याहून अधिक व्याख्येची गरज पडत नाही.

ह्यानंतर संगणकाच्या स्मृतीविषयी बोलावे, कारण ह्या एका शब्दाने जितका घोटाळा केला आहे तितका दुसऱ्या कोणत्याही शब्दाने केलेला नाही. दुकानात भ्रमणध्वनी घेताना विक्रेता ‘आठ आणि एकशे अठ्ठावीस’ असे दोन आकडे सांगतो आणि गिऱ्हाईक मोठ्या आकड्यावर समाधान मानून घरी येते. वस्तुतः हे दोन आकडे दोन भिन्न वस्तूंचे आहेत. आपल्या वर्गात फळा आहे आणि कपाट आहे. तासिका चालू असताना जे डोळ्यांसमोर हवे ते आपण फळ्यावर लिहितो, शाळा सुटली की फळा पुसला जातो. कपाटातील वह्या मात्र दिवाळीच्या सुटीनंतरही तेथेच असतात. रॅम हा संगणकाचा फळा आहे. वीज गेली की तो कोरा होतो. साठवणीची चकती किंवा चिप हे त्याचे कपाट आहे. फळा लहान असेल तर कपाट कितीही मोठे असले तरी शिक्षकास सारखे पुसावे आणि पुन्हा लिहावे लागते. संगणक मंद चालतो तो पुष्कळ वेळा ह्याच कारणाने.

‘संगणक मंद झाला, म्हणजे जुना झाला, नवा घ्यावा’ हे मत आता पारखता येईल. जुन्या संगणकात साठवणीसाठी फिरती चकती असते. ती मिनिटास बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, आणि हवी ती नोंद वाचण्यासाठी एक बारीक दांडी तिच्यावर पुढेमागे सरकावी लागते. एका वेळी दहा ठिकाणच्या नोंदी मागितल्या की ती दांडी ग्रामपंचायतीच्या एकुलत्या एका शिपायाप्रमाणे धावपळ करते. ह्या चकतीच्या जागी हलता भाग नसलेली चिपची साठवण बसविली आणि रॅम थोडी वाढविली, तर पुष्कळ जुनी यंत्रे पुन्हा चांगली चालू लागतात. खर्च नव्या संगणकाच्या मानाने अल्प येतो. दुसरे कारण धुळीचे. पंख्याच्या पात्यांवर धूळ साचली की आतील उष्णता बाहेर जात नाही आणि प्रक्रियक स्वतःचा बचाव करण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो. आपल्याकडील शाळांत, विशेषतः फळ्याच्या जवळ ठेवलेल्या संगणकात, खडूची भुकटी हे काम इमानेइतबारे करते. शाळेत एखादा निकामी संगणक असल्यास तो वीजजोडणी पूर्ण काढून वर्गासमोर उघडून दाखवावा; मात्र विजेच्या पुरवठ्याची जी बंद पेटी आत असते ती उघडू नये, कारण जोडणी काढल्यावरही तीत काही काळ विद्युत्भार राहतो.

पडद्यावर पुनःपुन्हा ‘रिफ्रेश’ करण्याची सवय पुष्कळांस आहे. त्याने यंत्र ताजेतवाने होते अशी समजूत असते. ती आज्ञा केवळ पडद्यावरील चिन्हांची यादी पुन्हा मांडते. यंत्राच्या गतीस तिच्यापासून नफा नाही आणि तोटाही नाही. ह्या मतावर वर्गात अधिक वेळ घालवू नये.

पुसलेले आणि उरलेले

ह्याहून गंभीर अशी एक समजूत आहे व तिचा संबंध थेट आपल्या शाळेशी येतो. ती म्हणजे, संगणकातील धारिका पुसून टाकली की ती नाहीशी होते. जनरल रजिस्टरातील एखाद्या विद्यार्थ्याच्या नावावर रेघ मारली, म्हणून तो विद्यार्थी गावातून नाहीसा होत नाही. फिरत्या चकतीच्या संगणकात धारिका पुसताना यंत्र तेच करते : अनुक्रमणिकेतील नोंद खोडते आणि ती जागा मोकळी आहे असे लिहून ठेवते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर तेथेच असतो आणि साधारण साधनांनी तो परत वाचता येतो. शाळेचा जुना संगणक भंगारात देताना त्यातून आपण मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे भ्रमणध्वनी आणि शिष्यवृत्तीच्या खात्यांचे क्रमांकही देत असतो, हे मुख्याध्यापकांनी ध्यानी घ्यावे. चकती काढून घेऊन मग सांगाडा द्यावा. काढलेली चकती हातोडीने फोडण्याचे काम सातवीच्या मुलांना फार आवडते. त्यांच्या डोळ्यांना जपून ते शिक्षकांच्या देखत करवावे.

ह्याच समजुतीची उलट बाजू अशी की, जे संगणकात लिहिले ते कायम राहिले. चकती एके दिवशी बंद पडतेच. एका शैक्षणिक वर्षाचे सर्व गुणपत्रक अशा रीतीने गमावून उन्हाळ्याच्या सुटीत कागदी नोंदवहीवरून ते पुन्हा उतरवून काढण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आलेला आहे. कागदी नोंदवही होती म्हणून ते शक्य झाले. महत्त्वाच्या धारिकेची एक प्रत दुसऱ्या साधनावर आणि ते साधन दुसऱ्या खोलीत, शक्य तर दुसऱ्या इमारतीत असावे.

विषाणू कोठून येतो

संगणकाच्या खोलीत चपला काढून जावे, असा दंडक एके काळी बहुतेक संस्थांत होता. खोलीस पडदे असत, यंत्रावर झालर लावलेले आच्छादन असे, आणि आत पाऊल टाकताना देवघरात शिरल्याचा भाव मनात येई. धुळीपुरता तो दंडक योग्यच होता. परंतु त्यातून एक विलक्षण समजूत मुलांमध्ये रुजली की, संगणकास होणारा ‘विषाणूचा’ उपद्रव हा अस्वच्छतेतून होतो. विषाणू हाही छिद्रांच्या पुठ्ठ्यांचाच एक तुकडा आहे, कोणीतरी हेतुपुरस्सर माळेत ओवलेला. तो पायांनी येत नाही, आपण दार उघडल्याने येतो. मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावाने एक संदेश जगभर फिरला. त्यास जोडलेली धारिका पत्र नसून आज्ञावली होती. ती उघडताच तिने त्या संगणकातील सर्व पत्त्यांवर आपल्याच प्रती पाठविल्या. लाखो सुशिक्षित माणसांनी ती उघडली. प्रेमपत्र आले असता ते न उघडण्याचा संयम कोणत्याही विषाणुरोधक आज्ञावलीत भरून मिळत नाही.

काही उपद्रव मात्र कोणी काही न उघडताही शिरतात, आणि येथे दुसऱ्या एका मताचा विचार करणे प्राप्त आहे : ‘यंत्र नीट चालले आहे, मग सुधारणा कशाला घ्यावयाच्या? सुधारणेने यंत्र बिघडते.’ सुधारणेने क्वचित बिघाड होतो हे खरे. तथापि १२ मे २०१७ रोजी जे घडले ते पाहावे. त्या दिवशी वॉनाक्राय नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने दीडशेहून अधिक देशांतील संगणक पकडून त्यांतील धारिका कुलूपबंद केल्या आणि सुटकेसाठी खंडणी मागितली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या फटीतून ती आत शिरली, ती बुजविण्याची सुधारणा मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च रोजी, म्हणजे सुमारे दोन महिने आधीच, प्रसृत केलेली होती. ती घेण्याचे ज्यांनी टाळले किंवा ज्यांच्या जुन्या यंत्रांसाठी ती निघालीच नव्हती, त्यांनाच मुख्यतः फटका बसला. शाळांनी ध्यानात ठेवावे की, विंडोज ७ ला कंपनीचा आधार जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. अशी यंत्रे चालतात, उद्याही चालतील. फक्त त्यांच्या कोयंड्याचे सैल झालेले स्क्रू आवळण्यास आता सहसा कोणी येत नाही.

उघडे कुलूप, झाकलेले कुलूप

ज्या शाळांना नवी यंत्रे घेणे शक्य नाही, त्यांना लिनक्स ह्या मोफत प्रणालीचा मार्ग मोकळा आहे. तेथे आणखी एक मत आडवे येते : ‘जिची रचना कोणालाही वाचता येते, ती आज्ञावली सुरक्षित कशी असेल?’ हे मत दिसावयास फार समंजस आहे, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने समाचार घेतो.

लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर ब्रामा ह्या कुलूपकाराच्या दुकानाच्या खिडकीत इ. स. १७९० पासून एक कुलूप मांडलेले असे. जो ते किल्लीवाचून उघडील त्यास २०० गिनी देण्यात येतील, असे आव्हान त्यावर लिहिलेले होते. साठ वर्षांहून अधिक काळ ते कोणासही उघडता आले नाही. १८५१ साली लंडन येथे भरलेल्या महाप्रदर्शनासाठी अमेरिकेतून हॉब्ज नावाचा कुलूपकार आला. त्याने प्रथम चब्ब ह्या कारखान्याचे प्रसिद्ध कुलूप साक्षीदारांसमोर सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले, आणि नंतर ब्रामाच्या कुलपापाशी बसून, सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खर्चून, तेही उघडले. इंग्लंडात खळबळ उडाली. कुलपांतील उणिवा अशा चव्हाट्यावर मांडल्याने चोरांचे फावेल, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. हॉब्जच्या बाजूचे म्हणणे असे की, चोरांना ह्या उणिवा आधीपासूनच ठाऊक असतात. झाकून ठेवल्याने अज्ञानात राहतो तो केवळ प्रामाणिक मालक. पुढे १८८३ मध्ये केर्कहॉफ्स ह्या भाषापंडिताने गुप्तलेखनाविषयी हेच तत्त्व मांडले : सारी योजना शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, किल्ली मात्र पडता कामा नये. आजच्या बँकव्यवहारांचे गुप्तलेखन ह्याच तत्त्वावर चालते. त्याची रीत पुस्तकांत छापलेली आहे, कोणीही वाचावी.

ह्याचा अर्थ उघडी आज्ञावली आपोआप निर्दोष असते असा नव्हे. २०१४ साली अशाच एका उघड्या व जगभर वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत हार्टब्लीड नावाने ओळखली गेलेली मोठी फट सापडली, ती दोन वर्षे तेथे असून कोणाच्या नजरेस आली नव्हती. सर्वांना वाचता येते आणि सर्व जण वाचतात, ह्या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे आपण परिपत्रके वाचणारे लोक चांगले जाणतो.

किल्ली

किल्लीचे आजचे रूप म्हणजे संकेतशब्द, ज्यास सर्वत्र पासवर्ड म्हणतात. तो अवघड चिन्हांचा असावा व वरचेवर बदलावा, हे मत आपण कार्यालयीन सूचनांतून ऐकत आलो. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००३ साली जी मार्गदर्शिका काढली तिच्यातून ते मत जगभर पसरले. तिचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये त्यातील पुष्कळ भागाविषयी जाहीरपणे खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी त्या संस्थेने आपला सल्लाही बदलला : संकेतशब्द लांब असावा, आणि तो उघड झाल्याचा संशय असल्याखेरीज बदलावयास लावू नये. कारण उघड आहे. दर महिन्यास बदलावयास लावले की माणूस शेवटचा आकडा एकाने वाढवितो, आणि अवघड चिन्हे घालावयास लावली की ती कागदावर लिहून पडद्याच्या कडेस चिकटवितो. मी एका शाळेत अशी चिठ्ठी पाहिली. तिच्यावर संकेतशब्द सुवाच्य अक्षरात होता आणि खाली ‘गोपनीय’ असे लिहून दोनदा अधोरेखित केलेले होते. गावाचे नाव व जन्मसाल जोडण्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्यावेत, उदाहरणार्थ घरातील एक भांडे, एक पक्षी, एक गाव आणि एक रंग. मुलांना अशा जोड्या करण्याचा खेळ फार आवडतो. खेळात जमविलेले शब्द मात्र प्रत्यक्षात वापरू नयेत, हे त्यांना बजावावे.

कॅमेरा काय पाहतो

ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शाळांत कॅमेरे बसविण्याविषयी आदेश काढल्यापासून कॅमेऱ्याचे बोलणे घरोघरी झाले आहे. घराच्या राखणीसाठी चित्रयंत्र लावण्याची कल्पना मूळ एका गृहिणीची आहे. न्यूयॉर्क शहरातील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही परिचारिका व तिचा पती ह्यांच्या कामाच्या वेळा जुळत नसत. रात्री दार वाजले तर बाहेर कोण आहे हे पडद्यावर पाहता यावे, त्याच्याशी बोलता यावे आणि दार दुरून उघडता यावे, म्हणून दोघांनी मिळून १९६६ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला. तो १९६९ च्या डिसेंबरात मंजूर झाला. ह्या योजनेत पाहणारे माणूस घरात जागे आहे, हे गृहीत होते. आज कॅमेरा लावून आपण निजतो.

कॅमेऱ्याने गुन्हे किती घटतात ह्याविषयी झालेल्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात घट सुमारे १३ टक्के आढळली. ती वाहनतळांत ठळक होती, आणि जेथे माणूस प्रत्यक्ष लक्ष ठेवून होता तेथे परिणाम अधिक चांगला होता. तेव्हा कॅमेरा निरुपयोगी नाही. पण ‘कॅमेरा लावला, आता काळजी नाही’ ह्या वाक्याचा उत्तरार्ध त्या आकड्यातून निघत नाही. मी ज्या शाळेत काम करीत होतो तेथे सुटीत चोरी झाली. चोरांनी संगणक नेले आणि संगणकाच्याच टेबलाखाली ठेवलेली चित्रमुद्रणाची पेटीही नेली. चार कॅमेरे भिंतीवर होते, त्यांनी सर्व काही पाहिलेले होते.

शिवाय कॅमेरा हाही एक लहान संगणक आहे, ही गोष्ट विसरली जाते. २०१६ साली मिराई नावाच्या आज्ञावलीने जगभरातील लाखो कॅमेरे व मुद्रणपेट्या ताब्यात घेतल्या. तिने कोणतेही कुलूप फोडले नाही. कारखान्यातून येतानाच घातलेले सुमारे साठ ठराविक संकेतशब्द तिच्याजवळ होते, ते एकामागून एक लावून पाहिले, एवढेच. मालकांनी ते बदललेले नव्हते. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला ह्याच ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या जोरावर अमेरिकेतील कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. घराची राखण करण्यास आणलेली वस्तू दुसऱ्याच्या घरावर दगड मारीत होती आणि मालकास त्याचा पत्ता नव्हता. शाळेत कॅमेरे बसवून देणारा मनुष्य परत जाण्यापूर्वी दोन गोष्टी करून घ्याव्यात : संकेतशब्द त्याच्यासमोर नव्हे, तो गेल्यावर बदलावा, आणि मुद्रणपेटी दुसऱ्या खोलीत कपाटाच्या आत कुलपात बसवून घ्यावी.

आता ज्या प्रसंगामुळे हे टिपण लिहावयास घेतले तो सांगतो. आमच्या शाळेतील पाचवीचा एक मुलगा घरी आजीजवळ असताना तिच्या भ्रमणध्वनीवर एक फोन आला. वीजबिल थकले आहे, आज रात्री जोडणी तोडली जाईल, असे पलीकडील गृहस्थ म्हणाला. आजीस वाचता येत नाही, म्हणून फोन नातवाने घेतला. पलीकडून विचारले तसे त्याने बँकेच्या कार्डावरील सोळा आकडे वाचले, मग मागील तीन वाचले, मग फोनवर आलेल्या संदेशातील सहा वाचले. एकही आकडा चुकला नाही. पलीकडच्याने त्यास ‘हुशार आहेस बाळ’ असे म्हटल्याचे त्याने मला नंतर सांगितले. दुधाचे जमा झालेले १८,४०० रुपये त्या संध्याकाळी खात्यातून गेले. त्यांच्या दारास चांगले कुलूप आहे, घरात कुत्रे आहे, आणि बँकेचे गुप्तलेखन कोणी फोडलेले नाही.

मी तो संदेश पाहिला. आकड्यांच्या पुढे, हा आकडा कोणासही सांगू नये, अशा अर्थाचे वाक्य इंग्रजीत होते. मुलास आकडे वाचता येत होते, ते वाक्य येत नव्हते. इंग्रजी अंक त्याला मीच शिकविले होते आणि त्याच्या वाचनाचे मला कौतुक होते. घरात वाचता येणारा तो एकटाच. म्हणजे त्या घराची किल्ली आम्ही शाळेत घडवून त्याच्या हाती दिली, ती कोणास द्यावयाची नसते हे सांगावयाचे राहून गेले. आजीने त्यास रागाने एक शब्दही बोलून दाखविला नाही. तो मात्र त्यानंतर बरेच दिवस वर्गात मोठ्याने वाचावयास उठत नसे.

ह्या कारणास्तव पाठाची दुसरी तासिका संपूर्णपणे किल्लीसाठी राखून ठेवावी, ही विनंती. ओटीपीचा कोरा नमुना संदेश फळ्यावर इंग्रजीत जसाच्या तसा लिहावा, त्यातील मनाई करणारे वाक्य मुलांकडून वाचून व अर्थ सांगून घ्यावा, आणि मगच आकड्यांकडे वळावे. दोन मुलांस फोनवरील संवाद करावयास सांगावे : एकाने गोड बोलून आकडे मागावेत, दुसऱ्याने फोन ठेवून द्यावा. फोन ठेवणे आपल्या मुलांना फार जड जाते, मोठ्या माणसाचे बोलणे अर्ध्यावर तोडू नये असे आपणच त्यांना शिकविले आहे; म्हणून हा सराव एकदा करून भागत नाही. फळ्याच्या एका कोपऱ्यात १९३० हा आकडा ठेवावा. सायबर फसवणुकीची तक्रार नोंदविण्याचा हा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि पैसे गेल्यावर जितक्या लवकर तेथे कळवावे तितकी ते वाटेत अडवून धरण्याची शक्यता अधिक असते. त्या आजीच्या घरी तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळला.

पहिल्या तासिकेस लागणारे साहित्य थोडे आहे : निकामी संगणक असल्यास तो, एक स्क्रू फिरविण्याचे हत्यार, लाकडाच्या फळीवर जडविलेला एक कडीकोयंडा आणि एक जड कुलूप. कुलूप लावून किल्ली शिक्षकांनी खिशात ठेवावी आणि हत्यार मुलांच्या हाती देऊन ‘उघडा’ एवढेच म्हणावे. आमच्या वर्गात आठ मुले कुलपाशी झटत बसली. नवव्या मुलीने फळी उलटी करून मागील बाजू पाहिली.